पॅलेट पुसू नकोस

चि. पोरीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ज्याला तू चेहरा रंगवायला शिकवलंस, त्यानं तुझेच रंग, तुझाच सुरीचा फटकारा उचलला आणि बक्षीस घेऊन गेला. आता विचारतेस, सर, पुढच्या वेळी थोडं हातचं राखू का?

नको. पॅलेट पुसू नकोस.

हे सांगणारा जन्मभर पुसत आलाय. इथं बेळगावात, खडेबाजारात बोर्ड रंगवायचो, जोडीला लोकांच्या वारलेल्या आईवडिलांची तैलचित्रं. हाताखाली दोन पोरं होती. चेहऱ्याला हात घालायची वेळ आली की त्यांना चहा आणायला पिटाळायचो. ती परत येईतो पॅलेट चिंधीनं लख्ख! होतं काय त्यात एवढं? यलो ऑकर, व्हर्मिलियन, पांढरा. आणि उजेड सरून सावली लागते तिथं तांबडेपणा मारायला किंचित व्हिरिडियन, म्हणजे गार हिरवा. एवढ्यासाठी बारा वर्षं चहा मागवला. घर चालवायचं होतं गं. उद्या यांनी समोरच दुकान थाटलं तर, ही भीती काही खोटी नव्हती, आजही मी तिला हसणार नाही. पण फ्लेक्स आला आणि दुकान गेलं, गुपितालाही कोणी विचारीना. त्यातला एक पोरगा उद्यमबागेत फाउंड्रीत लागला. त्याची रेघ माझ्यापेक्षा चांगली होती. हे त्याला कधी बोललो नाही.

याच गावात चित्रकार के. बी. कुलकर्णी सर होते. माणूस समोर बसवायचा आणि पोरांच्या देखत चित्र उभं करायचं, ही त्यांची शिकवणी. रवी परांजपे, जॉन फर्नांडिस त्यांच्याच हाताखाली तयार झाले. दोघांची चित्रं शेजारी ठेवून बघ. परांजप्यांचं अलंकरण कुठे, फर्नांडिसांची व्यक्तिचित्रं कुठे! एकाच माणसानं सगळं उघडं ठेवलं, तरी दोघं दोन वाटांनी गेले. मी मात्र सरांच्या त्या शाळेकडे, चित्रमंदिराकडे, फिरकलो नाही. कुणाचा विद्यार्थी म्हणवून घ्यायचं नव्हतं. मोठा मानी!

आंबोली घाट उतरलं की सावंतवाडी, चित्रकार हळदणकरांचं गाव. त्यांचं दिवा घेतलेल्या मुलीचं जलरंगातलं चित्र म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ज्योतीसमोर धरलेला तळवा, बोटांच्या फटींतून झिरपणारा तांबूस उजेड, सगळं डोळ्यांसमोर. रोज माणसं बघून जातात. चोर म्हणावं, कर चोरी.

आता त्या पोराचं. तू पाठवलेल्या फोटोत त्याचं चित्र नीट बघितलं. कानामागे तुझा हिरवट हाफटोन, उजेड-सावलीच्या मधला रंग, आहे, पण त्याचा उजेड त्याच बाजूनं आलाय! मग तिथं हिरवट कशाला? मिश्रण दिलंस, कारण दिलं नाहीस. डोळे बारीक करून आधी गडद-फिकं बघायचं, रंग मागाहून, हे सांगितलंस का त्याला? नसणार. म्हणजे तू जास्त दिलंस म्हणून नाही, कमी दिलंस म्हणून असं झालं. राग येईल तुला. येऊ दे. बक्षीस देणाऱ्यांनाही ते दिसलं नाही, त्याला मी काय करू?

तर पॅलेट पुसू नकोस. कोणी मागे उभं राहिलं तर सरकून जागा दे.

रविवारी सकाळी नऊच्या आत ये, दहानंतर माझ्या खिडकीतला उजेड बिघडतो. शेजारच्या आजी बसायला तयार झाल्यात, मध्ये दोनदा पान खाऊ देण्याच्या बोलीवर. त्या पोरालाही आण. आणि येताना व्हिरिडियनची ट्यूब घेऊन ये. माझी टोपणासकट वाळून दगड झालीय.

तुझा,
सर