एक मोठी गोगलगाय, चार बारक्या आणि एकच डबा

प्रश्न : ताई, पावसात सोसायटीच्या बागेतून माझा चौथीतला मुलगा गोगलगायी घेऊन आला, एक चांगली बटाट्याएवढी आणि चार नखाएवढ्या. सगळ्या एकाच डब्यात ठेवल्यात, पालक आणि काकडी देतो. पण दोन बारक्या मेल्या वाटतं, आणि मोठीच्या शंखावर खरवडल्यासारखे पांढरे चट्टे पडलेत. काय चुकतंय?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मला तरी यात कॅल्शियमची कमतरता दिसतेय. शंख कॅल्शियमचा बनतो, तो कुठून मिळाला नाही की गोगलगायी एकमेकींचा शंख खरवडतात, आणि पालकातल्या ऑक्झलेटमुळे असलेलं कॅल्शियमही अंगी लागत नाही, म्हणून पालक आजपासून बंद. काकडी, दुधी, रताळं, गाजर द्या, आणि मीठमसाला लागलेलं काहीही नको, मिठाने त्यांच्या अंगातलं पाणी ओढलं जातं आणि जीव जातो. अंड्याची टरफलं उकळून, उन्हात वाळवून मिक्सरला अगदी पिठासारखी बारीक करा, ते पीठ बारक्यांच्या काकडीवर भुरभुरा. मोठीला समुद्रफेसाचा (म्हणजे माकुळ माशाच्या पांढऱ्या, ठिसूळ हाडाचा) तुकडा डब्यातच ठेवून द्या, रात्री कान लावलात तर खरखर ऐकू येते, माझ्याकडची एकेका बैठकीत त्याला खड्डा पाडायची. पानात खायचा चुना मात्र चुकूनही नको, त्याने भाजतं.

बारक्यांना वेगळा डबा करा. मोठीच्या वजनाखाली त्या चिरडतात. त्यांना दोन इंच माती पुरते, मोठीला चार इंच तरी हवी कारण ती गाडून घेते. माती खत-औषध न मारलेली, किंवा साधं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. हाताला ओलसर लागावी पण मुठीत दाबली तर पाणी गळू नये, बारक्या अंगाला कोरड फार लवकर पडते. झाकणाची भोकं मोठी असतील तर आतून जाळी लावा, त्या अलगद निसटतात. आणि चिकटलेली गोगलगाय शंखाला धरून ओढू नका, पाणी शिंपडून पुढून बोट सरकवा.

बारक्या उंच, टोकदार शंखाच्या असतील तर बहुतेक मोठीचीच पिल्लं, चपट्या चकचकीत असतील तर जात वेगळी. मोठी म्हणजे आफ्रिकन गोगलगाय असणार. ही एका वेळी शंभरावर अंडी घालते, मातीत साबुदाण्यासारखा पुंजका दिसला की पिशवीत भरून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मगच कचऱ्यात टाका. तिला परत बागेत किंवा गावाकडे शेतात सोडू नका हो, कळकळीने सांगते, 2022 च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे याच शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं खाल्ली आणि कितीतरी लोकांना दुबार पेरणी करावी लागली.

हात लावल्यावर मुलाने दरवेळी साबणाने हात धुवायचे, यात सूट नाही. उंदरांकडून येणारा एक जंत यांच्या अंगात असू शकतो आणि तो पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज येते.

आणि त्या दोघी मेल्या म्हणताय, त्यांना वास येतोय का बघा. मेलेलीचा वास लपत नाही. वास नसेल आणि शंखाच्या तोंडावर पातळ पापुद्रा ओढलेला असेल तर कोरड पडल्यामुळे आत जाऊन बसल्यात, ओल्या मातीवर ठेवून संध्याकाळी पाण्याचा फवारा मारा आणि सकाळी बघा.