तेरा दिवस आणि सव्वीस वर्षं

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. पाकिटावर पिन नव्हता. आपल्या गावच्या नावाचं आणखी एक गाव याच जिल्ह्यात आहे, त्यामुळे आधी तिकडे फिरून आलं. शिक्क्यांवरून तारखा मोजल्या, जुनी खोड.

तू दोन गोष्टी विचारल्यास. एक, अग्निवीर म्हणून फौजेतली चार वर्षं भरत आली, कायम होणारे शंभरात फार तर पंचवीस, नाव नाही लागलं तर टपाल खात्यात जाऊ का? दुसरी, ‘आबा, एकाहत्तरच्या लढाईचं सगळं लिहून पाठवा’. दुसरीचं आधी उरकतो.

मी पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीत, म्हणजे जंगी पलटणीत होतो. डिसेंबर १९७१, वय वीस. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, आताच्या बांगलादेशात, जमालपूरच्या मागे टांगाइलकडे जाणारा रस्ता आम्ही अडवून बसलो होतो. ९ तारखेला आमचे ब्रिगेडियर क्लेर यांनी आतल्या पाकिस्तानी ३१ बलुच पलटणीच्या कर्नल सुलतान अहमदांना शरण यायला सांगणारं पत्र धाडलं. घेऊन गेला मुक्तिवाहिनीचा, म्हणजे आमच्या बाजूनं लढणाऱ्या बंगाली स्वातंत्र्यसैनिकांतला, जहुरुल हक मुन्शी. त्याला आत मारहाण झाली, पण उत्तर घेऊन तो परत आला. उत्तराच्या कागदात ७.६२ मिलिमीटरची एक गोळी गुंडाळलेली होती. १० च्या रात्री ते लोक आमच्याच रस्त्यानं बाहेर पडायला आले. त्या रात्रीचं मी लिहीत नाही. सहा दिवसांनी ढाक्यात शरणागती झाली.

हे सगळं आम्हा शिपायांना मागाहून कळलं. पण एवढ्या वर्षांनी त्या रात्रीतलं मला कुणाचं कौतुक वाटत असेल, तर त्या मुन्शीचं. हातात शस्त्र नाही, दुसऱ्याचा कागद पोचवायचा आणि उत्तर घेऊन यायचं. पुढे पोस्टमन म्हणून मी तेच काम सव्वीस वर्षं केलं, फरक इतकाच की मला कुत्र्यांपलीकडे कुणी मारायला आलं नाही.

१९८४ ला मी नाईक म्हणून सुटलो. आपल्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण ‘मेजर’, तसा मीही झालो. पारावर बसलं की तेरा दिवसांची गोष्ट सांगायची, कुणीतरी चहा पाजायचं. वर्षभर हाच उद्योग केला. गोष्ट दर वेळी थोडी वाढत होती आणि ते माझं मलाच कळत होतं. तुझ्या बाबतीत मला भीती आहे ती याची. तू बाविसाव्या वर्षी येशील. एवढ्या लवकर पारावर बसलास तर उठणं अवघड.

खाकी तीच, म्हणून टपाल सोपं जाईल असं मला वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात एसटी स्टँडसमोर ट्रकचं टायर फुटलं. मी सायकल टाकून गटाराच्या काठाला पालथा, टपालाची बॅग डोक्यापुढे धरलेली. शाळेची पोरं हसत होती. मी उठलो, कपडे झटकले, आणि पुढल्या घरी नाव विचारून रजिस्टर दिलं तेव्हा सही घेणाऱ्या बाईंनी माझा हात थरथरताना पाहिला. काही बोलल्या नाहीत, तांब्याभर पाणी ठेवलं. हे तुला सांगतोय कारण ‘मला काही होत नाही’ असं तू दोनदा लिहिलं आहेस.

खरी चूक मात्र पुढे झाली. तार आली होती: पोरगा अपघातात गेला. फौजेत खबर द्यायची रीत आम्हाला अंगवळणी पडलेली. नंबर, नाव, काय झालं, संपलं. मी अंगणात उभा राहून तशीच खणखणीत वाचली. समोर त्याची आई, हातात सूप. ती पडली तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं. शेजारी धावत येईपर्यंत मी सावधानमध्ये उभा होतो. त्यानंतर तार असली की आधी विचारायचो, घरात आणखी कोण आहे? ओट्यावर बसायचो. पाणी मागायचो, तहान नसली तरी. पोस्टमन पाणी मागतोय म्हणजे काय, हे काही घरांना पुढे समजायला लागलं, त्याला इलाज नव्हता. तारा २०१३ मध्ये बंद झाल्या, पण वाईट बातमी काही बंद झालेली नाही. कुठल्याही नोकरीत हे तुझ्या वाट्याला येईल.

आता नोकरीचं. माझं बघून ठरवू नकोस. मी पंधरा वर्षं करून, पेन्शन घेऊन, माजी सैनिकांच्या जागेवर लागलो. तुला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. चार वर्षांनंतर एकरकमी मिळणाऱ्या सेवानिधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार हातात येतील. त्याला वर्षभर हात लावायचा नाही. बुलेट घ्यायचं तुझ्या मनात आहे, हे तुझ्या आईनं मला सांगितलंय.

ग्रामीण डाकसेवकाची भरती दहावीच्या गुणांवर होते, लेखी परीक्षा नाही. म्हणून सगळे अर्ज करतात. पण काम दिवसाला चार-पाच तासांचं आणि मिळतो तो भत्ता, पोस्टमनचा पगार नव्हे. खात्यातली परीक्षा देऊन पुढे पोस्टमन होता येतं. ती देणार असशील तरच तिकडे जा. केंद्रीय सशस्त्र दलांत अग्निवीरांना राखीव जागा आहेत, त्याचाही अर्ज भर. आणि हे काम आता पत्रांचं कमी, पार्सलांचं आणि म्हाताऱ्यांचे अंगठे यंत्रावर घेऊन पैसे देण्याचं जास्त. मला विचारशील तर यात कमीपणा काही नाही. मनिऑर्डरचे पैसे मोजून देताना मी जे बघितलं, ते पारावर कधी दिसलं नसतं.

एक गंमत सांगतो. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला, म्हणजे आमच्या लढाईनंतर. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, आपले मराठी माणूस. एक ते आठ आकडे त्यांनी देशाच्या विभागांना दिले आणि नऊ ठेवला फौजेच्या टपालाला. बॅग लावताना पाठवणाऱ्याच्या पत्त्यात ‘५६ एपीओ’ (फौजेचं टपाल कार्यालय) आणि नऊचा पिन दिसला की ते पत्र मी गठ्ठ्यात वर घ्यायचो. नियमात बसत नव्हतं. घरं बीटच्या, म्हणजे पोस्टमनच्या ठरलेल्या फेरीच्या, क्रमानं लागतात, मध्येच टोकाचं घर आधी केलं की दोन किलोमीटर उलटं पडायचं. डावा खांदा बॅगेनं उतरलाय, गुडघा मात्र या हिशेबात गेला.

सुटण्याआधी डिस्चार्जच्या आणि कौशल्य प्रमाणपत्राच्या चार-चार प्रती काढून ठेव, नावाचं स्पेलिंग दहावीच्या दाखल्याशी जुळवून बघ. माझ्या वेळी एका अक्षरासाठी सात महिने गेले. चूक असेल तर युनिटमध्येच दुरुस्त करून घे, बाहेर आल्यावर कुणी दाद देत नाही.

उत्तर पत्रानंच दे, आणि या वेळी पिन लिही.

तुझा,
आबा