फोर्स करून बसवलेल्या पॅकेजचं आता काय करायचं?

भावा, तुझं दुखणं मला समजलं ते असं: सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पेढी, कॉम्प्युटरवर उबुंटू २२.०४ (लिनक्सचा एक प्रकार), पट्ट्या छापायला जुना प्रिंटर. त्याचा ड्रायव्हर लिबएसएसएल १.१ (ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन सॉफ्टवेअरची जुनी लायब्ररी) मागत होता, तू डीपीकेजीला (पॅकेज बसवणारी कमांड) फोर्स-डिपेंड्स, म्हणजे 'लागणारी पॅकेजं नसली तरी बसव', लावून तो बसवलास. आता एपीटी (पॅकेजं आणि त्यांना लागणारी पॅकेजं सांभाळणारा प्रोग्रॅम) दुसरं काही बसवू देत नाही, आणि त्याचा दुरुस्तीचा पर्याय फिक्स-ब्रोकन चालवलं की ड्रायव्हरच काढायला निघतं.

यात एपीटीचं काही चुकत नाही. फोर्स-डिपेंड्सनं एररची फक्त वॉर्निंग होते. काट्यावर पोतं न ठेवताच पट्टी लिहून घेतल्यासारखं आहे ते. एपीटी दर वेळी हिशोब नव्यानं जुळवतं आणि तिथंच अडतं. २२.०४ मध्ये ओपनएसएसएल ३ आलं, १.१ रिपॉझिटरीतून (उबुंटूच्या पॅकेजांच्या साठ्यातून) गेलं, त्यामुळं ते आपोआप मिळणारही नाही.

आधी ती लायब्ररी खरंच लागते का बघ. कप्सच्या (लिनक्सची छपाई यंत्रणा) फिल्टर फोल्डरमधल्या ड्रायव्हरच्या बायनरीवर (चालणाऱ्या फाइलवर) एलडीडी चालव; कुठल्या लायब्ररी लागतात ते ती कमांड दाखवते. 'नॉट फाउंड' आलं तर कितीही फोर्स कर, छापायला लावलं की ती पडणारच. 'नॉट अ डायनॅमिक एक्झिक्युटेबल' आलं तर लगेच हुरळू नकोस. जुने ड्रायव्हर बरेचदा ३२ बिटचे असतात, आणि त्यांना सुरू करणारा लोडर मशीनवर नसला की एलडीडी असंच सांगतं. फाइल कमांडनं खात्री कर. ३२ बिट निघाला तर आय३८६ (३२ बिट) आर्किटेक्चर जोड. मग लायब्ररीही आय३८६चीच लागेल.

लायब्ररी खरंच हवी असेल तर उबुंटू २०.०४ ची डेब (पॅकेजची फाइल) घेता येते. फाइलचं नाव वेगळं असल्यानं ती ३ च्या शेजारी गुण्यागोविंदानं राहते. पण १.१.१ चा मोफत सपोर्ट सप्टेंबर २०२३ मध्ये संपला. यूएसबी प्रिंटरला मी चालवून घेईन, सर्व्हरला नाही. लिबसी६ (जवळपास सगळे प्रोग्रॅम जिच्यावर चालतात ती मूळ लायब्ररी) मात्र असं बाहेरून कधीच आणू नकोस.

एलडीडी स्वच्छ आलं तर फक्त पॅकेजच्या कंट्रोल फाइलमधली (माहितीच्या फाइलमधली) डिपेंड्सची, म्हणजे 'काय काय लागतं' ही, ओळ जुनी आहे. डीपीकेजी-डेबनं पॅकेज उघड, ती ओळ सुधार, पुन्हा बांध. इक्विव्ह्ज या साधनानं त्या नावाचं खोटं रिकामं पॅकेजही बनवता येतं, पण ते बाकीच्या पॅकेजांनाही फसवतं, म्हणून मला नको वाटतं.

आणि प्रिंटर डॉट मॅट्रिक्स आहे का? मग आधी कप्समधला एप्सन ९-पिन ड्रायव्हर लावून एक पट्टी काढून बघ. नीट आली तर जुन्या ड्रायव्हरची गरजच नाही; फिक्स-ब्रोकनला खुशाल 'वाय' (हो) म्हण.