आवडीचंच काम आहे, मग दमायला काय झालं?

गेल्या दोन-तीन महिन्यांत हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला. घरून केकच्या ऑर्डरी घेणारी एक ताई, तबल्याचे क्लास चालवणारा एक मुलगा, लग्नाचे फोटो काढणारा एकजण. शब्द वेगवेगळे पण दुखणं एकच, की मॅडम, नोकरी सोडून आवडीचं काम धरलं आणि आता सकाळी उठून त्याच कामाकडे बघवत नाही, मग माझी आवड खोटीच होती का? प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एका मुलाच्या केसबद्दलच लिहिते. त्याची परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

हा मुलगा ३३ वर्षांचा, पुण्यात राहतो, कॉमिक्स काढतो. काढतो म्हणजे लिहितो, चित्रं काढतो, रंगवतो, छापून आणतो आणि स्वतःच विकतो, मागे कुठला प्रकाशक नाही. बायको बँकेत आहे, अपॉइंटमेंट तिनेच घेतलेली. पहिल्या दिवशी आला तेव्हा खुर्चीत बसता बसताच म्हणाला, "ताई, मला तसा काही प्रॉब्लेम नाहीये, फक्त हात दुखतो, आणि प्लीज मला अरे-तुरे करा." उजव्या मनगटाला पट्टा, अंगठा सारखा दुसऱ्या हाताने चोळत होता. ऑर्थोपेडिकने तीन आठवडे विश्रांती सांगितलेली, याने पट्टा विकत घेतला आणि पट्टा बांधून काम चालू ठेवलं. झोप रात्री अडीच ते साडेसहा.

मी विचारलं, दिवसभर काय करतोस, तर म्हणाला, "कॉमिक करतो." हे वाक्य लक्षात ठेवा, सगळा घोळ त्यातच होता.

आधी कॉमिकचं एक पान कसं होतं ते सांगते, मलाही हे त्याच्याकडूनच कळलं. आधी गोष्ट लिहायची, मग कुठल्या चौकटीत काय येणार त्याचे छोटे छोटे कच्चे आराखडे, मग पेन्सिल, मग इंकिंग म्हणजे पेन्सिलीवर शाईच्या रेषा, मग रंग, मग लेटरिंग म्हणजे फुग्यांमधली अक्षरं. मोठ्या अमेरिकन कंपन्यांत या एकेका कामाला वेगळा माणूस असतो. इथे सगळं हाच. त्यात मराठी लेटरिंगचं वेगळंच, वर वेलांटी मात्रा अनुस्वार, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत जागा जास्त लागते आणि फुगा मोठा होऊन चित्र खातो. पहिल्या पुस्तकाला फाइल युनिकोडमध्ये, प्रेसवाल्याकडे जुने फॉन्ट, त्यामुळे सगळी जोडाक्षरं फुटली, तेव्हापासून अक्षरं हातानेच काढतो. एका पानाला सगळं धरून बारा-तेरा तास, आणि पुस्तक ३२ पानांचं. पहिल्यांदा गोष्ट ३० पानांत संपलेली, पण सेंटर पिन मारायची तर पानं चारच्या पटीत लागतात, म्हणून प्रेसला फाइल जायच्या आदल्या रात्री दोन पानं वाढवली. ते सांगताना मात्र चेहरा एकदम उजळला होता त्याचा, मी तेव्हाच वहीत लिहून ठेवलं, आवड गेलेली दिसत नाही.

गोष्ट कसली, तर मुक्कामी एसटीची. त्याचे वडील साताऱ्याकडे एसटीत कंडक्टर होते, लहानपणी सुट्टीत त्यांच्याबरोबर मुक्कामी गाडीने जायचा, शेवटच्या गावाला गाडी लागायची, रात्री ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच किंवा देवळात झोपायचे आणि पहाटे तीच गाडी दूधवाल्यांना आणि कॉलेजच्या पोरांना घेऊन परत निघायची. या सगळ्यावर दोन भागांचं कॉमिक. पहिला भाग छापून झालेला, दुसरा डिसेंबरच्या कॉमिक कॉनला म्हणजे कॉमिक्सच्या मेळ्याला आणणार असं त्याने सगळ्यांना सांगून टाकलेलं. तो माझ्याकडे आला ऑक्टोबरमध्ये आणि तोवर झाली होती चार पानं.

दुसऱ्या सेशनला म्हणाला, "ताई, मीच आळशी आहे." तीन-चार तास झोपणारा माणूस स्वतःला आळशी म्हणतो तेव्हा मी सावध होते. विचारलं, कोणाच्या तुलनेत? तर जपानी मांगा म्हणजे तिकडची कॉमिक्स काढणाऱ्या एइचिरो ओडाचं नाव मोबाइलवर दाखवलं, ओडा रोज तीनच तास झोपतो असं याने कॉलेजात असताना वाचलेलं आणि तेव्हापासून ते मापच करून ठेवलेलं. मला मांगामधलं काही कळत नाही, म्हणून त्या आठवड्यात घरी थोडं वाचून काढलं. पुढच्या वेळी मी त्याला दोनच गोष्टी विचारल्या. ओडा एकटा काम करतो का? तर नाही, हाताखाली असिस्टंट असतात, एडिटर असतो, छापणारी आणि पैसे देणारी कंपनी असते. आणि दुसरं, केंतारो मिउरा कोण होते? यावर तो बराच वेळ गप्प बसला. मिउराही मांगा काढायचे, २०२१ च्या मे महिन्यात गेले, वय ५४, महाधमनी फाटून. ते असं काम केल्यामुळेच गेले असं मी म्हटलं नाही, ते मला माहीत नाही आणि तसं म्हणणं बरोबरही नाही. पण ती बातमी आली त्या दिवशी हा रडला होता, आणि तरी त्या रात्रीही अडीचपर्यंत बसला होता. हे मला सांगेपर्यंत तो स्वतःशीसुद्धा कधी बोललेला नव्हता.

मग मी त्याला आठवडाभर तासांची नोंद ठेवायला सांगितली. एक्सेल मला जमणार नाही म्हणाला, म्हटलं मग काढून आण. तर खरंच एक पान काढून घेऊन आला, आठवड्याची एकेक गोष्ट एकेका चौकटीत आणि चौकटीचा आकार तासांच्या हिशोबाने. एकूण ७३ तास. अर्ध्याहून मोठी चौकट क्लायंटच्या कामाची, जाहिरातींचे स्टोरीबोर्ड आणि मुलांच्या पुस्तकांची चित्रं, ४१ तास. पॅकिंग, कुरिअर, बिलं, फॉलोअपचे फोन ११. रील आणि पोस्ट ९. कॉनसाठी स्टिकर आणि प्रिंट ६. आणि उजव्या कोपऱ्यात खाली पोस्टाच्या तिकिटापेक्षा जरा मोठी एक चौकट, तिच्यात एवढीशी एसटी. स्वतःचं कॉमिक, ६ तास, तेही रात्री बारानंतर.

मी मोबाइलवर हिशोब करून दाखवला. ३२ पानं, चारशेच्या आसपास तास, आठवड्याला सहा, म्हणजे दुसऱ्या भागाला लागणार सव्वा वर्ष. आणि हा डिसेंबरची तारीख देऊन रोज स्वतःला शिव्या घालत होता.

आता मूळ प्रश्नावर येते. "आवडीचं काम करूनही दमलोय" म्हणणाऱ्या माणसाला मी आधी हेच विचारते की आवडीचं काम नेमकं किती तास केलंस? कारण आपण सगळ्याला एकच नाव देऊन टाकतो. तो ७३ तासांना "कॉमिक" म्हणत होता, घरचेही तेच म्हणायचे, त्यामुळे सगळ्या दमणुकीचं बिल कॉमिकच्या नावावर फाटत होतं आणि त्याला वाटत होतं आपलं मनच उडालं. मन उडालं नव्हतं, भेटच होत नव्हती, आणि झालीच तर मध्यरात्री, हात दुखत असताना, डोळे मिटत असताना. केकवाल्या ताईंनाही माझं हेच सांगणं आहे, हिशोब मांडा, पण ओव्हनजवळचे तास वेगळे आणि व्हॉट्सॲपवर भाव करणाऱ्या लोकांशी बोलण्यात गेलेले तास वेगळे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची जी व्याख्या दिली तीही कामाशीच जोडलेली आहे, कामाचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्यामुळे येणारी अवस्था, तिच्यात शक्ती संपल्यासारखं वाटतं, कामाबद्दल मनात कडवटपणा किंवा दुरावा येतो आणि हातून नीट काही होत नाही असं वाटतं. याच्यात तिन्ही होतं. पण मी डिप्रेशनचे प्रश्नही विचारले, आणि तुम्हीही स्वतःला विचारा. कामच नाही तर जेवण, गाणी, मित्र, कशातच दोन आठवड्यांहून जास्त काळ मन लागत नसेल किंवा जगणं नको वाटत असेल तर हिशोब मांडत बसू नका, सायकियाट्रिस्टला भेटा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, तिथे मराठीतही बोलता येतं.

एका सेशनला मी त्याच्या बायकोला बोलावलं. मला वाटलेलं ती पैशांबद्दल बोलेल, कारण घर तिच्या पगारावर चाललेलं आणि दिवाणात पहिल्या भागाच्या ४१० प्रती पडून. (ऑफसेट छपाईला प्लेटचा खर्च एकदाच होतो म्हणून हजार छापल्या की एक प्रत स्वस्त पडते, म्हणून हजार छापल्या. गाद्या-रजया तेव्हापासून कपाटावर.) पण ती म्हणाली, "मॅडम, पैशाचं मी बघते, मला त्याचं काही नाही. पण मी खोलीत गेले ना, की हा पटकन स्क्रीन बदलतो. आधी मला वाटलं दुसरंच काहीतरी आहे. मग एकदा दिसलं, एसटीचं पान होतं. ते झाकून क्लायंटचं काम उघडतो. मला बघून."

तो मान खाली घालून बसलेला. मग म्हणाला, "तू दमून येतेस, आणि मी आपलं ज्यातून एक रुपया येणार नाही ते काढत बसलोय, मला लाज वाटते." ती म्हणाली, "अरे पण मी लग्न केलं तेव्हा तू तेच काढत होतास." मी त्या दिवशी मधे बोलले नाही, बोलायची गरजच नव्हती. समुपदेशनात असे दिवस फार येत नाहीत.

पुढे जे केलं त्यात मोठं काही नाही. सगळ्यात आधी डिसेंबरची तारीख रद्द, त्याने स्वतः पोस्ट टाकून कळवलं आणि लोकांनी समजून घेतलं, याला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. मग पैसे. एका एजन्सीकडे सात महिन्यांपूर्वीचे १ लाख १० हजार अडकलेले आणि मागायला संकोच, पुढचं काम जाईल म्हणून. पैसे माझा विषय नाही, पण त्याची निम्मी धडधड तिथेच होती म्हणून त्याला सीएकडे पाठवलं. तिथे कळलं की उद्यम रजिस्ट्रेशन म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी फुकट होते आणि ती असली की कायद्याने क्लायंटला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर व्याज लागतं. जुन्या बिलांना त्याचा फायदा मिळेलच असं नाही असंही सीएने स्पष्ट सांगितलं, पण नुसत्या नीट लिहिलेल्या ईमेलवर महिन्याभरात ७० हजार आले. बाकीचे अजून यायचेत.

हातासाठी फिजिओ सुरू केला. चित्र काढणाऱ्या सगळ्यांना सांगते, रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील तर पट्ट्यावर भागवू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि सकाळचे सात ते नऊ फक्त एसटीसाठी, फोन दुसऱ्या खोलीत. हे मीच सुचवलं आणि पहिल्यांदा साफ फसलं. तीन दिवस कोऱ्या पानासमोर बसून उठला, चौथ्या दिवशी मला फोन, "ताई, संपलं वाटतं, मला आता येतच नाही." इतके महिने उरलेसुरले तास मिळाले होते त्या कामाला, आणि अचानक दिवसातला सगळ्यात चांगला वेळ दिल्यावर भीती वाटणारच. चूक माझी, मी फार घाई केली. मग ठरवलं की चित्र काढायचंच नाही, नुसत्या चौकटी आखायच्या, पट्टी घेऊन, कागदावर. आठवडाभर चौकटीच आखल्या. आठव्या दिवशी एका चौकटीत एसटीचं मागचं दार आणि छतावर जायची शिडी आली.

वडिलांचा प्रश्न सुटलेला नाही. रविवारी फोन येतो, "यंदा काही फिक्स बघतोयस का?" पहिला भाग त्यांनी वाचलाय का हे त्याने अजून विचारलेलं नाही आणि मीही घाई करत नाहीये.

फेब्रुवारीत शेवटचं सेशन झालं. अकरा पानं झाली होती. या वेळी २०० च प्रती, डिजिटल छपाईवर, एक प्रत महाग पडली तरी चालेल. निघता निघता दारात थांबून म्हणाला, "काल सकाळी ती चहा घेऊन आली, मी स्क्रीन बदलली नाही. तिने उभ्या उभ्या पान वाचलं आणि म्हणाली, दुसऱ्या फुग्यात 'घंटी'वरचा अनुस्वार रेषेला चिकटलाय बघ." मग त्याने तो फुगा थोडा वर सरकवला होता.