दिव्यांगांच्या संस्थेतील कर्मचाऱ्यांसाठी प्रथमोपचाराचे प्रशिक्षण कोणाकडून आणि किती तासांचे घ्यावे?

कोणाकडून घ्यावे, याचे उत्तर सोपे आहे. रेड क्रॉस किंवा सेंट जॉन ॲम्ब्युलन्स यांच्याकडून घ्यावे. त्यांचे प्रमाणपत्र तपासणीच्या वेळीही दाखवता येते. परंतु प्रशिक्षणाला कोणाला बसवायचे, हे त्याआधी ठरवावे लागते, आणि त्यावरून इंदुरातील एका निवासी संस्थेत पर्यवेक्षक असताना मी सचिवांशी बराच काळ भांडलो आहे.

तुकडी वीस जणांची होती. माझ्या यादीत तीन मावशी आणि गाडीचे चालक होते. ‘त्यांना काय कळणार, आणि तोवर मुलांकडे कोण पाहणार?’ असे म्हणून सचिवांनी ती नावे खोडली आणि त्या जागी हिशेबनीस व कार्यालयातील मंडळी घातली. मावशी त्या दिवशी सभागृहात आल्या त्या चहा देण्यापुरत्या.

दोन महिन्यांच्या आतच एका सकाळी न्याहारीला पोहे होते, आणि इंदुरात पोहे म्हटले की वर शेव आलीच. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा नसणे, असलेल्या अनेक मुलांना चावणे आणि गिळणे नीट जमत नाही, त्यामुळे कोरडे पोहे त्यांना देऊ नयेत, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. तरीही घाईत कोणीतरी सोळा वर्षांच्या एका मुलाला, तो व्हीलचेअरमध्ये मागे रेललेला असतानाच, ते भरवले. त्याचा खोकला एकाएकी थांबला, आवाज फुटेना आणि ओठ निळसर पडू लागले. प्रमाणपत्र माझ्याकडे होते. मी धावलो तो पाण्याचा पेला घेऊन, आणि हे लिहिताना आजही लाज वाटते. सराव केला होता तो समोर उभ्या असलेल्या धडधाकट सहकाऱ्यावर. पट्ट्याने बांधलेल्या मुलापुढे त्यातले काहीच आठवेना. ‘सर, पानी नहीं!’ असे ओरडत एका मावशींनी मला बाजूला सारले, चेअरचे ब्रेक लावले, छातीचा पट्टा सोडला, एका हाताने छातीला आधार देत मुलाला पुढे वाकवले आणि पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधोमध जोरात रट्टे दिले. चौथ्या रट्ट्याला घास बाहेर पडला. हे कुठे शिकलात, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, की त्या दिवशी कप गोळा करताना पाहिले होते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: जिच्या हातून मूल जेवते, आंघोळ करते आणि गाडीत चढते, तिला आधी शिकवावे, हिशेबनिसाचा क्रमांक नंतर. प्रशिक्षकाला सभागृहात न बसवता जेवणघरात न्यावे. पाच रट्ट्यांनी घास निघाला नाही तर पाठीमागून कवेत घेऊन पोटावर दाब द्यायचा असतो, परंतु चेअरच्या पाठीमुळे हात पुढे पोहोचतच नाहीत, हे तिथेच कळते. 2016च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, आणि शिकवले मात्र सगळीकडे एकाच पुतळ्यावर जाते.

मावशींना सगळे उपजतच कळते, असा याचा अर्थ नव्हे. याच मावशी मुलाला फिट आली की कांदा हुंगवायला धावत असत. फिटमध्ये काही हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये, हात-पाय दाबून धरू नयेत, घड्याळ पाहावे आणि पाच मिनिटांच्या वर गेल्यास 108 ला फोन करावा. मूल चेअरमध्ये असेल तर ब्रेक लावून, डोक्याला आधार देऊन, शक्यतो तिथेच राहू द्यावे. हे त्यांना आजवर कोणी सांगितलेच नव्हते.

तासांचे म्हणाल तर सुरुवातीला एक पूर्ण दिवस आणि पुढे दर तीन महिन्यांनी अर्धा तास पुरे, कारण हाताची सवय लवकर मोडते. हा माझा अनुभव आहे, नियम नव्हे. आणखी एक सांगायचे राहिले: मूल जोराने खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे, रट्टे देऊ नयेत; आणि पोट दाबून घास काढावा लागला असेल तर मूल बरे दिसले तरी डॉक्टरांना दाखवावेच.

पुढच्या तुकडीच्या यादीत मी मावशींचे नाव सर्वांत वर लिहिले. सचिवांनी ते खोडले नाही. त्या दिवशी चहा कोण देणार, एवढेच विचारले.