जुना दावा, जुना हुकूमनामा : नक्कल कशी मिळवावी?

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे एकाच अडचणीची आहेत. कोर्टात कधीकाळी निकाल लागला, पण त्याचा हुकूमनामा, म्हणजे कोणाचा काय हक्क ठरला ते सांगणारा न्यायालयाचा कागद, घरात नाही आणि तो कोणाकडे मागावा हे ठाऊक नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून अशी पत्रे आली आहेत, म्हणून यंदाचे सदर त्यांच्यासाठीच ठेवले आहे.

प्रश्न : आमचे आजोबा आणि त्यांचे दोन भाऊ यांच्यात केळीच्या शेताच्या वाटपावरून दावा झाला होता. आबा सांगत की निकाल १९७७ किंवा १९७८ साली लागला आणि विहिरीतील तिसरा हिस्सा आमच्याकडे आला. आता चुलत काका तो हिस्सा नाकारतात. घरात एकही कागद नाही, दाव्याचा नंबर ठाऊक नाही, वकीलही हयात नाहीत. हुकूमनामा मिळेल का?
— एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : मिळण्याची शक्यता चांगली आहे, पण त्यासाठी आधी कोर्टाच्या पायऱ्या चढू नका. आधी दाव्याचा नंबर शोधा, आणि तो बहुधा कोर्टाबाहेरच सापडेल.

वाटपाच्या दाव्यात एक गोष्ट अशी घडते की जिचा फायदा आज तुम्हाला होईल. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ५४ नुसार शेतसारा भरणाऱ्या जमिनीचे वाटप न्यायालय स्वतः मोजून करीत नाही. हिस्से किती आणि कोणाचे हे न्यायालय ठरवते आणि जमिनीची प्रत्यक्ष फाळणी करण्यासाठी हुकूमनामा जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवला जातो. तेथून तो कागद महसूल आणि भूमी अभिलेख खात्यांकडे जातो, मोजणी होते, आणि शेवटी तलाठ्याच्या दप्तरात फेरफार (हक्कातील बदलाची नोंद) पडतो. म्हणून तुमच्या गटाचे किंवा त्याच्या जुन्या सर्व्हे नंबरचे १९७५ ते १९८५ या काळातील सर्व फेरफार तहसील कार्यालयातून काढा आणि एकेक वाचा. ‘कोर्टाच्या हुकूमनाम्यावरून’ असे शब्द असलेली नोंद दिसली, तर तिच्यातच बहुधा न्यायालयाचे नाव, दाव्याचा नंबर आणि साल असते. मोजणीच्या प्रकरणातही तोच नंबर येतो. वाटपाची बजावणी होण्यासाठी दरखास्त झाली असेल तर तिचा वेगळा नंबर असतो. तोही लिहून घ्या, कारण दरखास्तीच्या नोंदीवरून मूळ दाव्यापर्यंत पोचता येते.

फेरफारात काहीच सापडले नाही, तर न्यायालयाच्या नोंदवह्यांकडे वळा. प्रत्येक दिवाणी न्यायालयात वर्षवार नोंदवही असते आणि तीत वादी, प्रतिवादी, दाखल तारीख व निकालाची तारीख येते. दावा किती रकमेचा होता यावर तो कनिष्ठ स्तराच्या न्यायालयात चालला की वरिष्ठ स्तराच्या, हे अवलंबून असते. त्यामुळे एकाच न्यायालयात शोधून थांबू नका. शोधासाठीच्या अर्जात आजोबांचे पूर्ण नाव वडिलांच्या नावासह, त्यांच्या दोन्ही भावांची नावे, गाव, जुना सर्व्हे नंबर आणि वर्षांची मर्यादा लिहा. आबांच्या आठवणीतील साल हे निकालाचे आहे हे ध्यानात ठेवा; नोंदवही मात्र दाखल झालेल्या सालाने चालते, आणि वाटपाचा दावा पाच-सात वर्षे सहज चालतो. १९७८ हे एकच साल लिहून दिलेला अर्ज ‘नोंद आढळून येत नाही’ असा शेरा घेऊन परत येतो आणि माणूस समजतो की कागदच नाही. किमान १९६८ पासूनचा शोध मागा.

नंबर मिळाल्यावर प्राथमिक हुकूमनामा, अंतिम हुकूमनामा आणि निकालपत्र या तिन्हींची प्रमाणित नक्कल मागा. पुष्कळ लोक फक्त प्राथमिक हुकूमनामा आणतात. त्यात हिस्सा दिसतो, परंतु कोणता तुकडा कोणाला आणि विहिरीची पाणीपाळी कशी हे अंतिम हुकूमनाम्यात किंवा वाटपाच्या तक्त्यात असते, आणि तुमचा वाद तर नेमका विहिरीचाच आहे.

निकाली प्रकरणातील सगळे कागद न्यायालय कायमचे ठेवत नाही. प्रकरणाच्या कागदांची वर्गवारी होते. निकालपत्र आणि हुकूमनामा दीर्घकाळ जपले जातात, तर समन्स, किरकोळ अर्ज, पुरशीस (पक्षकाराचे छोटे लेखी निवेदन) असे कागद ठराविक मुदतीनंतर नष्ट केले जातात. पक्षकारांनी दाखल केलेले मूळ दस्त निकालानंतर परत घेऊन जायचे असतात. म्हणून आजोबांची मूळ खरेदीखते कोर्टात असतील या आशेवर राहू नका. ती परत घेतली गेली होती का, हे प्रकरणातील यादीवरून कळते. कागद नष्ट झाला आहे असे कार्यालय सांगत असेल, तर ते लेखी घ्या. मूळ कागद उपलब्ध नाही हे दाखवता आले तरच दुय्यम पुरावा देण्याची वाट मोकळी होते, आणि तेव्हा हा एका ओळीचा शेराच तुमच्या कामी येईल.

माझ्याकडे यावल तालुक्यातील एक शेतकरी अशाच कामासाठी आले होते. एका मध्यस्थाने त्यांच्याकडून नकलेसाठी मोठी रक्कम घेतली आणि आणून दिली ती शिक्क्याविना छायाप्रत. नकलेचा खर्च म्हणजे अर्जावरील कोर्ट फी स्टॅम्प आणि पानांप्रमाणे होणारे शुल्क. ते थोडे असते आणि त्याची पावती मिळते. पावतीशिवाय कोणालाही पैसे देऊ नका, हे मी फार कळकळीने सांगतो.

प्रश्न : मोबाईलवर ई-कोर्ट्समध्ये वडिलांचे नाव टाकले की काहीच येत नाही. जमीन परत मिळण्याचे आमचे प्रकरण बरीच वर्षे चालू आहे. ते बंद तर केले नसेल?
— एक वाचक, शहादा तालुका

उत्तर : पत्रावरून असे दिसते की तुमचे प्रकरण आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे गेल्यावर ती परत मिळण्याचे आहे. ही प्रकरणे १९७४ च्या महाराष्ट्र अनुसूचित जमातींना जमिनी परत देण्याबाबतच्या कायद्याखाली किंवा महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली महसूल अधिकाऱ्यांसमोर चालतात आणि पुढे महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरणापर्यंत जातात. ई-कोर्ट्समध्ये, म्हणजे न्यायालयांच्या प्रकरणांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर व ॲपवर, दिवाणी आणि फौजदारी न्यायालयांची प्रकरणे दिसतात, तहसीलदार किंवा प्रांत यांच्यासमोरची नाहीत. म्हणजे नाव न दिसणे आणि प्रकरण बंद होणे यांचा काही संबंध नाही. तुम्हाला आलेल्या शेवटच्या नोटिशीवर कार्यालयाचे नाव आणि प्रकरण क्रमांक आहे. ती नोटीस घेऊन त्याच कार्यालयात अर्ज करा आणि रोजनाम्याची नक्कल मागा. रोजनाम्यात प्रत्येक तारखेला काय झाले ते लिहिलेले असते, त्यामुळे प्रकरण कोठे अडले ते त्यातून कळेल.

ज्यांचे प्रकरण खरोखर दिवाणी किंवा फौजदारी न्यायालयात आहे, त्यांच्यासाठीही दोन शब्द. ई-कोर्ट्सवर जिल्हा, मग न्यायालय संकुल, मग पक्षकाराच्या नावाची किमान तीन अक्षरे आणि साल असे टाकून शोध घेता येतो. अडचण स्पेलिंगची होते. वळवी, वसावे, पाडवी, चौधरी ही नावे इंग्रजीत लिहिताना एक लिपिक ‘व्ही’ लिहितो, दुसरा ‘डब्ल्यू’. एक जण मधला ‘ए’ घालतो, दुसरा गाळतो. म्हणून पूर्ण नाव न लिहिता पहिली तीन-चार अक्षरेच टाका, नंतर विरुद्ध पक्षाच्या नावाने पाहा, आणि ‘प्रलंबित’ व ‘निकाली’ हे दोन्ही पर्याय वेगवेगळे तपासा. पाटील आडनाव असेल तर उलट होते, शेकडो नावे समोर येतात. तेव्हा वकिलाच्या नावाने किंवा प्रकरण क्रमांकाने शोधणे बरे. एकदा प्रकरण सापडले की त्याचा सीएनआर क्रमांक वहीत उतरवा. हा सोळा अक्षरांकांचा क्रमांक महाराष्ट्रात ‘एमएच’ने सुरू होतो आणि त्याच्या शेवटी साल असते. तो हाती असला की जिल्हा, न्यायालय, नाव यांपैकी काहीही पुन्हा भरावे लागत नाही. ज्यांना मोबाईलवर हे जमत नाही त्यांनी न्यायालयातील ई-सेवा केंद्रात जावे.

नंदुरबारच्या वाचकांनी आणखी एक लक्षात ठेवावे. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधीची अपिले आणि जिल्हा पातळीवरची प्रकरणे धुळ्याच्या जिल्हा न्यायालयाची आहेत, त्यामुळे त्यांचा शोध धुळ्याच्या अभिलेख कक्षापासून सुरू करावा. फारच जुन्या कागदावर ‘पश्चिम खानदेश’ असा शिक्का दिसला तरी गोंधळू नये. तो धुळे भागाचाच कागद आहे, जसा ‘पूर्व खानदेश’ म्हणजे जळगावचा.

प्रश्न : दावा आमच्या विरुद्ध गेला. निकाल ई-कोर्ट्सवरून छापून घेतला आहे. अपिलाला तोच चालेल ना? आणि मुदत किती?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : तो कागद वाचण्यापुरता ठीक आहे, अपिलासोबत प्रमाणित नक्कल लागते. जिल्हा न्यायालयात दिवाणी अपील करण्याची मुदत हुकूमनाम्याच्या तारखेपासून ३० दिवस आहे, उच्च न्यायालयात ९० दिवस. मुदत कायदा, १९६३ च्या कलम १२ नुसार नक्कल मिळण्यास लागलेले दिवस मुदतीतून वगळले जातात. पण येथे अनेक जण फसतात : हे दिवस तुम्ही नकलेचा अर्ज करता तेव्हापासून मोजले जातात. ‘हुकूमनामा अजून तयार झालेला नाही’ म्हणून अर्जच न करता थांबलेल्या माणसाला त्या थांबण्याची सूट मिळत नाही. तसेच नक्कल तयार झाल्यावर ती नेण्यास केलेला उशीरही तुमच्याच खात्यावर पडतो.

समजा निकाल ३ जूनला लागला, अर्ज १० जूनला केला आणि नक्कल २४ जूनला तयार झाली. मधले सुमारे दोन आठवडे तुम्हाला वाढवून मिळतील. हाच अर्ज २ जुलैला केला असता तर एक-दोन दिवसच हातात उरले असते. म्हणून निकाल लागेल त्याच दिवशी अर्ज द्या. नकलेवर अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तारखा लिहिलेल्या असतात. त्या बरोबर आहेत का हे खिडकीवरच पाहून घ्या, कारण मुदतीचा सगळा हिशेब पुढे त्या तारखांवरूनच होतो.

फौजदारी खटल्यात कारावासाची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत ताबडतोब आणि विनामूल्य मिळते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०४ मध्ये आहे.

प्रश्न : अमळनेरजवळ एक प्लॉट घेत आहे. त्यावर दावा चालू असल्याचे ऐकले. मी त्या दाव्यात कोणीही नाही. मला कागद मिळतील का? माहितीच्या अधिकारात मागू का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : इसार देण्याआधी विचारलेत हे फार चांगले केले, कारण दावा चालू असलेली मालमत्ता घेणाऱ्याच्या अंगावर तो वाद येऊ शकतो. विक्रेत्याच्या आणि त्याच्या आधीच्या मालकाच्या नावाने ई-कोर्ट्सवर शोध घ्या. प्रलंबित दावा दिसला तर तारखा आणि झालेले आदेश तेथेच वाचता येतील. तूर्तातूर्त मनाईचा आदेश आहे का ते पाहा.

नक्कल मात्र त्रयस्थ व्यक्तीला मागितल्याबरोबर मिळत नाही. कारण नमूद केलेला अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि न्यायाधीश परवानगी देतात. ‘मी ही मालमत्ता विकत घेण्याच्या विचारात आहे’ हे कारण स्पष्ट लिहा आणि शक्य असल्यास विक्रेत्याचे पत्र जोडा. निकालपत्र आणि हुकूमनाम्यासाठी परवानगी मिळणे तुलनेने सोपे असते. पक्षकाराने निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पाडून दाखल केलेल्या खासगी दस्ताच्या बाबतीत न्यायालय अधिक काटेकोर असते, आणि ते योग्यच आहे.

माहितीच्या अधिकाराचा मार्ग येथे उपयोगाचा नाही. गुजरात उच्च न्यायालयासंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी असे ठरवले की न्यायिक प्रकरणांतील कागदांच्या नकला न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनुसारच घ्याव्यात. नक्कल मिळवण्याची व्यवस्था आधीच असताना दुसऱ्या दाराने जाण्यात वेळ घालवू नका.

आणि एकट्या ई-कोर्ट्सवर विसंबू नका. प्लॉटवर महसुली अपील चालू असेल तर ते तेथे दिसणार नाही. त्यासाठी ताजा सातबारा, प्रलंबित फेरफार आणि दुय्यम निबंधक कार्यालयातील नोंदींचा शोध, हे तिन्ही करा.

प्रश्न : मी सुरतेला कामाला आहे. माझा घटस्फोट शिरपूरच्या कोर्टात झाला. निकालाची प्रत हरवली. प्रत्येक वेळी रजा काढून येणे परवडत नाही. भाऊ प्रत घेऊ शकेल का? गावातल्या दुसऱ्या कोणाच्या हाती ती पडणार नाही ना?
— एक भगिनी, सुरत

उत्तर : ताई, तुम्ही पक्षकार आहात, त्यामुळे नक्कल मिळणे हा तुमचा हक्क आहे. अर्जावर तुमची सही असावी आणि सोबत भावाच्या नावाचे अधिकारपत्र व दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती द्याव्यात; किंवा तुमच्या वकिलांमार्फत अर्ज करावा. निकालाची तारीख अंदाजे आठवत असली तरी चालेल, पतीचे पूर्ण नाव मात्र लिहा.

तुमची काळजी रास्त आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार ही प्रकरणे बंद दालनात चालतात आणि त्यांतील मजकूर छापण्यास मनाई आहे, त्यामुळे गावातील एखाद्याने केवळ उत्सुकतेपोटी अर्ज केला तर त्याला नक्कल मिळू नये अशीच कायद्याची रचना आहे.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर धुळ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते, आणि १५१०० या विनाशुल्क क्रमांकावर सुरतेहूनही बोलता येते. नक्कल हाती आल्यावर तिच्या दोन-तीन छायाप्रती काढून ठेवा आणि शिक्क्याची मूळ नक्कल कोणत्याही कार्यालयात जमा करू नका. दाखवा, पडताळून झाली की परत घ्या.