शिशाची धूळ आणि नियमावरचे सावट

प्रश्न : मुलगा अमेरिकेत जुन्या घरात राहतो, नात रांगू लागली आहे. तिथला घरातील शिशाच्या धुळीचा नियम रद्द करण्याच्या हालचाली संसदेत झाल्याचे वाचले. याचा अर्थ काय? (एक आजी, सातारा)

उत्तर : शिशाचा रंग काढल्यानंतर जमिनीवर चालणाऱ्या शिशाची मर्यादा तेथील पर्यावरण संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये चौरस फुटाला १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली. असा नवा नियम संसदेला ठराविक मुदतीत साध्या बहुमताच्या ठरावाने, राष्ट्राध्यक्षांच्या सहीनिशी, रद्द करता येतो. आणि गंभीर बाब अशी की त्यानंतर जवळपास तसाच नियम नव्या कायद्याशिवाय पुन्हा करता येत नाही. खर्च वाचवण्यासाठी बाळांच्या मेंदूची हानी पत्करणे मला मुळीच मान्य नाही. घर १९७८ पूर्वीचे, म्हणजे तिथे शिशाच्या रंगावर बंदी येण्याआधीचे, असल्यास रंग कोरडा खरवडू नये, खिडक्या ओल्या फडक्याने पुसाव्यात आणि नातीच्या रक्तातील शिसे तपासून घ्यावे. साताऱ्यातील वाड्याच्या जुन्या तैलरंगाबाबतही हीच दक्षता घ्यावी, कारण आपल्याकडील रंगातील शिशाची ९० पीपीएमची (दशलक्ष भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून केवळ नव्या रंगांना लागू आहे.